काळी माडी

इनशाचा अकीका, म्हणजे जावळाचा विधी, झाला ते साल दोन हजार बावीस. कैसची ही दुसरी मुलगी. तिच्या अकीक्याला म्हणून कैसचा मोठा भाऊ मुसअब कुवेतहून आला, तो परत गेलाच नाही. आधी म्हणाला, रजा वाढवलीय. मग म्हणाला, बास झालं ते वाळवंट. पंधरा दिवसांनी तो घराच्या भिंती बोटाने वाजवत हिंडू लागला, तेव्हाच त्यांच्या आईने, रेहानाने ओळखलं की थोरल्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

शिजत होतं ते माडीबद्दल. दिवेआगरला येणाऱ्या पाहुण्यांना समुद्राजवळ खोल्या पुरत नाहीत, मग ते बोर्लीपर्यंत खोल्या शोधत येतात. आपल्या माडीवर दोन खोल्या पाडायच्या, तिसऱ्या कोपऱ्यात अब्बा राहतील. काम ईदच्या आत उरकलं तर मे महिन्याची सुट्टी सापडेल. भिंतींचा रंग ठरला, पंखे ठरले, खिडक्यांच्या जाळ्या ठरल्या. अडलं ते जमिनीच्या रंगावर.

माडीची जमीन लाकडाची आणि काळी. तव्यासारखी काळी. अब्बांचं, म्हणजे मोहम्मदचं, गलबत रहमती दिघीच्या खाडीत फोडलं ते दोन हजार पाच साली. त्याच्या फळ्या बोर्लीला आणून बाबाजी सुताराने ही जमीन घातली. गलबताला दर वर्षी पावसाआधी काजूच्या टरफलाचं तेल लावतात, म्हणजे लाकूड कुजत नाही. गलबत गेलं, तरी मोहम्मदने तेल सोडलं नाही. दर मे महिन्यात तो गुडघ्यांवर बसून फडक्याने अख्खी माडी तेलवायचा, जणू चार दिवसांनी ती पाण्यात लोटायची आहे. डोळे गेल्यावर ते काम धाकट्या सुनेकडे, जुनेराकडे आलं. त्या तेलाने कातडी भाजते. हाताला आधी खोबरेल चोळलं तरी तिच्या बोटांची टोकं महिनाभर काळी राहत आणि सोलून निघत.

मोहम्मदचे डोळे काचबिंदूने गेले. पण पुरते गेले नव्हते. उजेड कुठे आणि काळोख कुठे, एवढं त्याला कळायचं, आणि तेवढ्यावर तो माडीवर एकटा वावरायचा. काळी जमीन संपून पांढरी भिंत कुठे सुरू होते ते त्याला दिसे. पलंगावरची चादर दिसे. जिन्याच्या तोंडावरची झडप उघडी असली की खालच्या पांढऱ्या लादीचा उजेड वर येई, काळ्यात एक पांढरा चौकोन. तो चौकोन टाळला की झालं. पलंग ते न्हाणी अकरा पावलं. न्हाणी ते खिडकी नऊ. हात धरायला कुणी पुढे झालं तर तो हात झटकून टाकी.

"मला हाताला धरून न्हाणीत नेतील त्या दिवशी समजा, नाखवा बुडाला," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

*

मार्चच्या अकरा तारखेला, शुक्रवारी, जुम्म्याचं जेवण झाल्यावर मुसअबने सगळ्यांना माडीवर बोलावलं. बाबाजीचा मुलगा काळूराम सकाळीच मशीन घेऊन आला होता. खिडकीकडे जाणाऱ्या वाटेवर त्याने हात-हातभर लांबीचे चार चौकोन घासले होते आणि त्यांना चार रंग लावून ठेवले होते. मोहम्मदला सांगितलं होतं की न्हाणीपुढची फळी उचकटलीय, ती बसवतोय. तो आता आतल्या पलंगावर झोपला होता. म्हणून सगळे हळू बोलत होते.

"हा ओक," काळूराम बोट दाखवत म्हणाला. "हा हनी. हा वॉलनट. आनि ह्यो काळा."

"काळ्याला कशाला मशीन लावलंस?" मुसअब म्हणाला. "होताच की काळा."

"वहिनी बोलल्या. चकाकी पायजे तर काळ्यालाच आन."

मुसअबने जुनेराकडे पाहिलं. ती इनशाला कडेवर घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

"बघा ना भाईजान," ती म्हणाली. "तोंड दिसतंय त्याच्यात. तुम्हाला चकचकीत पाहिजे होतं ना?"

"तोंड नाय, भूत दिसेल भूत. मुंबईचा माणूस सुट्टीला येणार आणि तव्यावर झोपणार? आजकाल लोक आधी फोटो बघतात. ओक लावला की खोली दुप्पट मोठी दिसते. कुवेतला सगळ्या हॉटेलांत हेच."

"इथं अब्बा राहतात. ते फोटो बघत नाहीत."

काळूराम हसला आणि लगेच खाली बघून ब्रश पुसू लागला.

"मग त्यांना ओक दिसो नाहीतर वॉलनट, काय फरक पडतो?" मुसअब म्हणाला. "अब्बांना दिसतं काय?"

"काळं दिसतं. पांढरं दिसतं. तीन वर्षं तुम्ही फोनवर विचारत होतात, अब्बा कसे आहेत. मी सांगत होते, चालतात. कसे चालतात ते कधी विचारलंत?"

"जुनेरा." कैस पहिल्यांदाच बोलला. "हळू. उठतील."

तिला वाटलं, आता हा पुढे बोलेल. सकाळी न्याहारी करताना तो कबूल झाला होता. भाईजानला मी सांगतो, अब्बांसाठी काळंच ठेवू, असं तो स्वतःहून म्हणाला होता. ती थांबली. कैस ओकच्या चौकोनाजवळ उकिडवा बसला आणि त्याने त्यावरून तळवा फिरवला.

"गुळगुळीत झालंय," तो म्हणाला.

"काळूराम, तू सांग," जुनेरा म्हणाली. "बसेल का हा रंग?"

काळूरामने ब्रश खाली ठेवला. "बसंल. पन पावसापरयंत. तेल प्यालेलं लाकूड हाय हे. आमच्या बानं ही जमीन घातली तवाच बोलला होता, हिच्यावर दुसरं काय टिकनार न्हाय. हवा वली झाली का आतलं काळं वर येतंय. ठिपक्या-ठिपक्यानी."

"कुवेतला अख्ख्या बिल्डिंगची जमीन आठ दिवसांत बदलतात, काळूराम."

"तिथं पाऊस न्हाय ना, भाय."

"तुला काम नको असेल तर म्हसळ्याहून दुसरा आणतो."

काळूरामने ब्रश पुन्हा उचलला. मुसअब धाकट्या भावाकडे वळला.

"कैस, आता तुझं बोल. चालवायचं तुला आहे. मी फक्त पाहुणे आणणार."

कैसला ठाऊक होतं की हा प्रश्न येणार. आदल्या दिवशी मुसअबने त्याला दिघीच्या जेटीवर चहाला नेलं होतं आणि सांगितलं होतं, बोर्डावर नाव तुझं लागेल. बारा वर्षं तो बोर्ली-दिघी रिक्षा चालवत होता. जेटीवर उतरणाऱ्या पाहुण्यांना दुसऱ्यांच्या घरी सोडत होता. त्यांच्या बॅगा उतरवून परत फिरताना त्याने शंभरदा मनात म्हटलं असेल, आपलं असतं तर. आता ते आपलं होणार होतं, आणि मध्ये होता फक्त एक रंग. त्याने बायकोकडे पाहिलं नाही.

"ओकच बरा दिसतो," तो म्हणाला. "जिन्याला चारी बाजूंनी कठडा करून घेऊ. मग अब्बांना कसली भीती?"

जुनेराने इनशाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "सकाळी काय बोललात?"

"सकाळी मी हे बघितलं नव्हतं."

"मलाही बघितलं नव्हतंत बहुतेक. दहा वर्षं झाली आता, एकदा नीट बघून घ्या."

त्याच वेळी खालून ठक-ठक आवाज आला. रेहाना लांब काठीने छताच्या फळ्या ठोकत होती. जिन्यातून तिचा आवाज वर चढला.

"काय ठरलं की नाय? का मगरीबच्या अजानपर्यंत नुसती कुजबुज?"

"ठरतंय अम्मी," मुसअबने खाली ओरडून सांगितलं.

त्या ओरडण्याने मोहम्मद उठला.

*

असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ होत आली होती. मोहम्मद पलंगावरून उतरला. माणसं आहेत हे त्याला कळलं, पण घरात माणसं असायचीच. तो न्हाणीत गेला, हात-पाय-तोंड धुऊन वजू केली आणि ओल्या पायांनी खिडकीकडे निघाला. त्याची नमाजाची चटई, जानमाज, तिथे असे. सगळे भिंतीला सरकून उभे राहिले. जुनेराने तोंड उघडलं होतं, पण मुसअबने हात वर करून तिला थांबवलं. अब्बांना खरंच काही दिसतं का, ते त्याला बघायचं होतं.

सहा पावलं मोहम्मद नेहमीसारखा चालला. सातव्याला थांबला. त्याच्या पायाच्या पुढे ओकचा चौकोन होता.

"झडप उघडी कुणी टाकली?"

मुसअबचा हात अजून वरच होता.

"इथं झडप कुठून आली?" त्याने पाय मागे घेतला. मान डावीकडे वळवली, तिथे खरी झडप उघडी होती, खरा पांढरा चौकोन. मग पुन्हा समोर. त्याच्या पुढे आता दोन जिने होते. कुठला खरा, ते त्याला ठरवता येईना. त्याने दोन्ही हात पुढे केले, चाचपडल्यासारखे. तीन वर्षांत त्याला असे हात पुढे करताना कुणी पाहिलं नव्हतं. तो एक पाऊल डावीकडे सरकला, खऱ्या जिन्याच्या बाजूला.

"अब्बा!" कैस धावला आणि त्याने बापाचं मनगट पकडलं.

मोहम्मदने हात असा झटकला की कैसच्या तोंडावर बसला.

"हात लावू नकोस! आधी सांग, ते काय हाय? उजेड कसला तो?"

"नाखवा, रंगाचा नमुना हाय," काळूराम म्हणाला. "जमिनीला रंग लावायचा हाय. फिका."

मोहम्मद खाली बसला. तिथेच, काळ्या फळीवर. त्याने हाताने चौकोन शोधला, कडा चाचपली, बोटाने घासून पाहिली आणि बोट नाकाशी नेलं.

"कोण बोललं लावा म्हणून?"

"अब्बा, मी सांगतो..." मुसअब पुढे झाला.

"तू गप. तुझा आवाज बारा वर्षं फोनमधून ऐकला, तेवढा बास झाला. गलबत फोडायच्या आधी हर्षद शेठ मला विचारायला आला होता. भागीदार होता तो, तरी दोनदा आला. नाखवा, फोडू का? मी व्हय बोललो, तेव्हा फोडलं. तू पोटचा असून मला न विचारता मशीन लावतोस?"

"तुम्हाला न्हाणीपुढची फळी..." मुसअबला ते वाक्य पुरं करता आलं नाही.

"खोटं बी बोललात."

"सगळं तुमच्यासाठीच चाललंय!" मुसअबचा आवाज चढला. "किती दिवस मी परक्या मुलखात मरू? घरात राहायचं तर घरात काहीतरी चालायला नको? कैसनं जन्मभर रिक्षा चालवायची? कठडा करून देतो, म्हटलं ना. चारी बाजूंनी."

"कठडा कशाला? दावं आण. खिडकीला बांध मला. सकाळ-संध्याकाळ पेंढा टाक."

जुनेराला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मोहम्मदने मान वळवली. जिन्याचा चौकोन त्याने शोधून काढला होता. खरा कुठला, ते आता त्याला कळलं होतं. तो जिन्याच्या तोंडाकडे बघून ओरडला.

"रेहाना! तुला ठाऊक होतं?"

"मशीन माझ्याच डोक्यावर चाललं होतं," खालून उत्तर आलं. "मी काय बहिरी हाय?"

"मग तूच सांग ह्यांना! घर तुझं बी हाय. सांग, ह्या जमिनीला कुणी हात लावायचा नाय."

सगळे थांबले. मुसअबलासुद्धा थांबावं लागलं. या घरात शेवटचा शब्द रेहानाचा असे, हे मोहम्मद अठ्ठावीस वर्षं पाण्यावर होता तेव्हापासून ठरलेलं होतं. जुनेराने सुटकेचा श्वास सोडला. सासूला ती ओळखत होती.

*

रेहाना खाली खाटेवर बसली होती. काठी तिच्या मांडीवर आडवी होती.

तिचे गुडघे गेले, त्याला सव्वा वर्ष झालं होतं. सव्वा वर्षात ती जिना चढली नव्हती आणि तो ईद सोडली तर उतरला नव्हता. ईदलाही कैस आणि जुनेराने दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं, की तो खुर्चीवर अंग चोरून बसायचा आणि शीरखुर्मा संपला की म्हणायचा, चला वर. तिच्या डोक्यावरच त्याची वाट होती. ती पावलं मोजायची. अकरा. नऊ. तिला वाटायचं, एवढी वीस पावलं चालता येतात, मग माझ्यापर्यंतच्या तेरा पायऱ्या का नाहीत? लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. त्यातली अठ्ठावीस तो समुद्रावर होता. समुद्र सुटला, तेव्हा वाटलं होतं आता येईल. तो आला आणि माडीवर गलबत घालून बसला. काजूच्या तेलाचा वास आला की तिचं डोकं उठायचं. तिने कधी सांगितलं नव्हतं.

बोलावलं मात्र होतं. किती वेळा बोलावलं. या ना खाली, इथंच खाट टाकते. तो वरून म्हणायचा, तूच ये. तिच्या गुडघ्यांचं ठाऊक असूनही.

आता तो म्हणत होता, सांग ह्यांना.

"अम्मी!" मुसअबने हाक मारली. "सांगा काय ते."

रेहानाने काठी लादीवर टेकवली.

"ओक लावा," ती म्हणाली.

मग तिने पुन्हा, मोठ्याने सांगितलं, म्हणजे ऐकलं नाही असं कुणाला म्हणता येऊ नये.

"मुसअब बोलतो तोच रंग लावा. आजपासून लावा."

*

जुनेरा धडाधडा जिना उतरून आली. इनशा रडत होती.

"अम्मी, तुम्ही काय बोललात? त्यांनी आत्ता काय केलं ते दिसलं असतं तुम्हाला, तर..."

"दिसायला मी वर यायला पायजे. कोण नेणार मला? तू?"

"सगळी जमीन फिकी झाली तर त्यांना जिना दिसणार नाही. पडतील ते."

"मग खाली येतील. पडायच्या आधी खाली येतील."

जुनेरा बघत राहिली. रेहानाने नजर चुकवली नाही.

"तू रोज दहा वेळा त्यांच्यापाशी जातेस," ती म्हणाली. "चहा, औषध, पेपर वाचून दाखवणं. मी जिन्यातून ओरडून विचारते, जेवलात का. नवऱ्याशी मी असं बोलते, जसं होडीतून किनाऱ्याला हाका मारतात. अजून किती दिवस राह्यलेत माझे? मला तो माणूस खाली पायजे, जुनेरा. हाताला धरून आणा, उचलून आणा. मला पायजे."

"ते खाली का येत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"मस्ती. नाखव्याची मस्ती."

"नाही." जुनेराने इनशाला खाटेवर ठेवलं आणि पायाने लादीवर ठोकर मारली. "ही. ही बघा. भाईजानने पंधरा साली घातलेली, पांढरीशुभ्र. भिंत पांढरी, जमीन पांढरी, दारातून ऊन येतं ते पांढरं. इथं उतरले की ते खरे आंधळे होतात. म्हणून अंग चोरून बसतात. खुर्चीवरून उठले तर कुठं जातील, त्यांना कळत नाही. वरची काळी जमीन घासण्यापेक्षा खालची लादी काळी केली असतीत ना अम्मी, तर ते तेरा पायऱ्या बसत-बसत स्वतःच उतरले असते. तुमच्याकडे."

रेहानाने लादीकडे पाहिलं. सात वर्षं ती ही लादी रोज पुसून घेत होती.

"हे तू आधी का नाय बोललीस?"

"तुम्ही कधी बोललात, की तुम्हाला ते खाली हवेत? तुम्ही काठी ठोकायच्या. मला वाटायचं, चहा पाहिजे असेल."

वर मशीन सुरू झालं. मुसअबने वेळ घालवला नव्हता. आवाज इतका मोठा होता की इनशा रडायची थांबली. छताच्या फटींतून बारीक काळा भुसा रेहानाच्या चादरीवर पडू लागला.

"थांबवा त्यांना," जुनेरा म्हणाली. "एक हाक मारा, लगेच थांबतील."

रेहानाने काठी उचलली. छताला टेकवली. जुनेरा वाट पाहत होती. पण थोरल्या मुलासमोर, सुतारासमोर दोनदा मोठ्याने सांगितलेला शब्द तिसऱ्यांदा फिरवायचा, हे रेहानाने जन्मात केलं नव्हतं. आणि वर तो बसला होता, ज्याने पंचेचाळीस वर्षांत एकदाही शब्द फिरवला नव्हता. तिने काठी खाली घेतली.

"आता झालं ते झालं," ती म्हणाली.

"बरं," जुनेरा म्हणाली. तिने स्वयंपाकघरातून काजूच्या तेलाचा डबा आणि फडकं आणलं आणि सासूच्या खाटेखाली सरकवून दिलं. "हे आता तुम्ही सांभाळा. माझे हात तरी बरे होतील."

*

ओकचा रंग ईदच्या चार दिवस आधी पुरा झाला. फोटोंत माडी खरंच दुप्पट मोठी दिसली. मे महिन्यात तीन कुटुंबं येऊन राहून गेली. कठडा बसवला होता. मोहम्मद त्या दिवसांत आपल्या कोपऱ्यातल्या पलंगावरून उठत नसे. न्हाणीला जायचं झालं की तो कैसला हाक मारी आणि हात पुढे करी. पहिल्या दिवशी कैसला वाटलं, राग गेला. तो हात धरून दोन पावलं चालला आणि त्याच्या लक्षात आलं, की बाप त्याच्याशी एक शब्दही बोलत नाहीये.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हवा ओली झाली आणि काळूराम बोलला होता तसंच झालं. फिक्या जमिनीवर आधी रुपयाएवढे, मग ताटलीएवढे काळे डाग फुटले. मुसअबने ते घासले, पुन्हा रंग दिला, ते पुन्हा आले. एका पाहुणीने डागांचा फोटो काढून नेटवर टाकला. त्या काळ्या-पांढऱ्या ठिगळांत जमीन कुठली आणि झडप कुठली, ते मोहम्मदला उमगत नसे. पलंगावरून पाय खाली टाकायलाही तो धजेना.

"काळूराम, आधी नीट सांगता आलं नाय तुला?" मुसअब त्याच्यावर ओरडला.

"सांगितलं हुतं भाय. तुमी म्हसळ्याचा मानूस आनत व्हता."

बकरी ईदच्या सकाळी मोहम्मदला धरून खाली आणला, आणि नमाजनंतर त्याने "चला वर" म्हटलं नाही. त्याची खाट रेहानाच्या खाटेसमोर पडली, मध्ये चार पावलांची पांढरी लादी. रेहानाने त्या दिवशी स्वतःच्या हाताने शीरखुर्मा वाढून त्याच्याकडे पाठवला. त्याने वाटी घेतली आणि विचारलं, "कुणी दिला?"

"मी," रेहाना म्हणाली.

त्याने वाटी बाजूला ठेवली. म्हणाला, "तुला पायजे होतं ना. घे. आलो."

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. तीही रागीट, तीही बोलेना. मुसअब ऑगस्टमध्ये पुन्हा कुवेतला निघून गेला. कैसची रिक्षा जेटीवर उभी राहू लागली. जुनेराने जुन्या घोंगड्या काळ्या रंगवून मोहम्मदच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत अंथरल्या. पहिल्याच दिवशी तो त्यांच्यावरून एकटा जाऊन आला. आठ पावलं. रेहानाच्या खाटेपर्यंत मात्र तिने घोंगडी अंथरली नाही. त्याने मागितली नाही आणि रेहानाने सांगितलं नाही. जुनेराही, खरं सांगायचं तर, अजून रागातच होती. उरलेली एक घोंगडी दाराआड गुंडाळलेली राहिली.

ऑक्टोबरात रेहानाला ताप आला. साधा वाटला. तिसऱ्या दिवशी दुपारी जुनेरा मागीलदारी मासळी साफ करत होती, कैस जेटीवर होता. दारातून ऊन येऊन सगळी लादी चकाकत होती. रेहानाने हाक मारली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"ऐकता का?"

मोहम्मद लगेच उठला. घोंगडीवरून उतरला आणि हात पुढे करून चालू लागला. चार पावलांचं अंतर होतं. पुढे सगळं पांढरं होतं. तिने आणखी एकदा, बारीक आवाजात हाक मारली. तो आवाजाकडे वळला, पण आवाज पुन्हा आला नाही. जुनेरा धावत आत आली तेव्हा तो समोरच्या भिंतीला दोन्ही हात लावून उभा होता आणि भिंतीला विचारत होता, "कुठं आहेस? अगो, कुठं आहेस?"

रेहाना त्या मंगळवारी, अठरा ऑक्टोबर दोन हजार बावीस रोजी, जोहर आणि असरच्या नमाजांच्या मध्ये वारली.